गजकर्णाच्या बुरश्यांना ओळख देणारे डॉ. साबुरो

अंगावर गोल, लालसर, कडेला किंचित उंचावलेला आणि जीव नकोसा करणारी खाज असलेला चट्टा उठला की आपल्याकडे त्याला गजकर्ण किंवा नायटा म्हणतात. निदानाबद्दल शंका असेल, किंवा उपचार करूनही चट्टा हटत नसेल, तर त्वचारोगतज्ज्ञ चट्ट्याच्या कडेवरचा कोंडा हलक्या हाताने खरवडून प्रयोगशाळेत पाठवतात. तिथे त्यातला थोडा भाग पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या थेंबात ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला जातो. उरलेला भाग फिकट पिवळसर, जेलीसारख्या घट्ट खाद्यावर पेरला जातो आणि बुरशी उगवण्याची वाट पाहिली जाते. कधी आठवडाभर, कधी चार आठवडे.

या खाद्याला प्रयोगशाळेत सगळे ‘एसडीए’ म्हणतात. पूर्ण नाव साबुरो डेक्स्ट्रोज अगर. वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेल्या प्रत्येकाने हे नाव एकदा तरी परीक्षेच्या पेपरात लिहिलेले असते. पण साबुरो हे कोणा रसायनाचे नाव नसून एका फ्रेंच डॉक्टरचे आडनाव आहे, हे बहुतेकांच्या लक्षात राहत नाही. रेमाँ साबुरो यांनी जन्मभर एकच गोष्ट सांगितली आणि ती रुग्णांच्या डोक्यावरच्या तुटक्या केसांतून सिद्ध करून दाखवली. ती अशी, की गजकर्ण हा एक आजार नाही. दिसायला सारख्या वाटणाऱ्या चट्ट्यांमागे वेगवेगळ्या बुरश्या असतात. त्या वेगवेगळ्या ठिकाणांहून येतात, वेगवेगळ्या माणसांना धरतात आणि वेगवेगळ्या रीतीने बऱ्या होतात.

शाळेतून बाहेर, रुग्णालयात आत

साबुरो यांचा जन्म २४ नोव्हेंबर १८६४ रोजी पश्चिम फ्रान्समधील नाँत शहरात झाला. वैद्यकीय शिक्षणासाठी ते पॅरिसला आले आणि सँ लुई रुग्णालयात रुजू झाले. हे रुग्णालय जुने. चौथ्या हेन्री राजाने १६०७ साली प्लेगच्या रुग्णांसाठी त्याचा पाया घातला आणि १८०१ पासून ते त्वचारोगांचे रुग्णालय झाले. साबुरो तिथे आले तेव्हा त्वचारोगांच्या अभ्यासाचे ते युरोपातले मोठे केंद्र होते. १८८९ साली पहिली आंतरराष्ट्रीय त्वचारोग परिषद तिथेच भरली. त्वचारोगांचे हुबेहूब नमुने मेणात घडवून ठेवलेले तिथले संग्रहालय आजही प्रसिद्ध आहे.

पण या नामांकित रुग्णालयाच्या दारात रोज जी रांग लागे, तिच्यात मोठा भरणा असे तो गरीब वस्त्यांतल्या मुलांचा. त्यांच्या डोक्यावर केस तुटलेले, राखाडी कोंडा साचलेले गोल डाग असत. मराठीत डोक्याच्या अशा दुखण्यांना खवडे म्हणत. वैद्यकात या संसर्गाला ‘टिनिआ कॅपिटिस’, म्हणजे डोक्याचे गजकर्ण, असे नाव आहे.

या आजाराने मूल मरत नसे. पण तो एकाकडून दुसऱ्याला लागतो हे ठाऊक असल्यामुळे अशा मुलांना शाळेत बसू देत नसत. टोपीच्या अदलाबदलीतून, एकाच कंगव्यातून, एका बाकावर डोक्याला डोके लावून बसण्यातून तो वर्गभर पसरे. आजार हटायला दीड-दोन वर्षे लागत, कधी त्याहून अधिक. तेवढा काळ मुलाचे शिक्षण बंद. शेवटी १८८६ साली डॉ. लाईए यांच्या पुढाकाराने रुग्णालयाच्या आवारातच या मुलांसाठी शाळा सुरू झाली. मुलांनी तिथे शिकायचे, तिथेच उपचार घ्यायचे, आणि केस निरोगी उगवेपर्यंत घरी किंवा गावच्या शाळेत परतायचे नाही. अक्षरओळख होण्याच्या वयात शेकडो मुले रुग्णालयाच्या भिंतीआड वाढत होती.

उपचार तरी कसले? बुरशी केसाच्या मुळात खोलवर शिरते. तिथवर कोणतेही मलम पोचत नाही. म्हणून रोगट केसच मुळासकट काढणे हा त्या काळातला एकमेव मार्ग होता. एकेकाळी राळ-डांबराची टोपी डोक्यावर घट्ट बसवायची आणि केसांसकट ओढून काढायची, अशी पद्धत होती. पुढे एकेक केस चिमट्याने उपटण्याची पद्धत आली. ती कमी क्रूर होती, पण आठवडेच्या आठवडे चालणारी. त्यातही एक मेख होती. पिवळे खवडे येणाऱ्या ‘फेव्हस’ या प्रकारात केस मुळापासून निघत, त्यामुळे चिमटा कामी येई. पण पॅरिसच्या मुलांत सर्रास दिसणाऱ्या दुसऱ्या प्रकारात केस इतके ठिसूळ झालेले असत, की चिमट्यात धरताच तुटत आणि बुरशीने भरलेले खुंट आतच राही. एकाला लागू पडणारा उपाय दुसऱ्याला का पडत नाही, याचे उत्तर कोणाजवळ नव्हते.

विसरला गेलेला शोध

खरे तर उत्तराचा अर्धा भाग पन्नास वर्षांपूर्वीच हाती आला होता. १८३० च्या दशकात इटलीत आगोस्तिनो बास्सी यांनी रेशमाच्या किड्यांचा एक रोग बुरशीमुळे होतो हे दाखवले. त्यानंतर बर्लिनमध्ये रॉबर्ट रेमाक यांना फेव्हसच्या खवड्यांत बुरशीचे धागे दिसले. रेमाक यांनी पुढे स्वतःच्या हातावर तो संसर्ग लावून घेऊन पाहिला. आणि १८४१ ते १८४४ या चार वर्षांत पॅरिसमध्ये डेव्हिड ग्रुबी या हंगेरीहून आलेल्या डॉक्टरने डोक्याच्या आणि दाढीच्या गजकर्णात वेगवेगळ्या बुरश्या असतात, हे सूक्ष्मदर्शकाखाली पाहून वर्णन केले. एक केसाच्या आत वाढणारी, एक बाहेरून वेढणारी, आणि एक अगदी बारीक कणांची, तिला त्यांनी ‘मायक्रोस्पोरम’ म्हटले.

हे सगळे विस्मरणात का गेले, त्यालाही कारण होते. ग्रुबी यांनी बारीक कणांच्या बुरशीचे वर्णन करताना आजाराला जे नाव दिले, ते त्या काळी चाईसाठीही वापरले जात होते. चाईत केस गुळगुळीत गळून गोल टक्कल पडते, पण त्यात बुरशीचा संबंध नसतो. इतर डॉक्टरांनी चाईच्या रुग्णांचे केस तपासले. बुरशी सापडली नाही. मग ग्रुबीच चुकले असा निष्कर्ष निघाला. नावाच्या एका घोळाने खरा शोध अडगळीत गेला. ग्रुबीही संशोधन सोडून खाजगी व्यवसायाकडे वळले. शोपँ, हाइन यांच्यासारखे कलावंत-कवी त्यांचे रुग्ण होते. आणि वैद्यकाच्या पुस्तकांत डोक्याचे गजकर्ण एकाच बुरशीने होते, हे मत पक्के होऊन बसले.

एक की अनेक?

सँ लुईमध्ये साबुरो हे डॉ. एर्नेस्त बेनिए यांच्या हाताखाली काम करत होते. बेनिए त्या काळचे मातब्बर त्वचारोगतज्ज्ञ. दुसरीकडे पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये एमिल रू तरुण डॉक्टरांना सूक्ष्मजीव वाढवण्याचे तंत्र शिकवत होते. साबुरो यांनी हा अभ्यासक्रम पूर्ण केला. एका हाताशी रुग्णांची अखंड रांग आणि दुसऱ्या हाताशी पाश्चरच्या प्रयोगशाळेतली शिस्त, असा योग त्यांच्या वाट्याला आला. गजकर्णाच्या बाबतीत हा मेळ तोवर कोणी नीट घातलेला नव्हता.

१८९२ साली त्यांचा पहिला महत्त्वाचा लेख आला आणि १८९४ साली प्रबंध. मुलांच्या डोक्याचे गजकर्ण किमान दोन निरनिराळ्या जातींच्या बुरश्यांमुळे होते, हे त्यांनी दाखवले. केस पोटॅशच्या द्रावणात मऊ करून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला की फरक उघड दिसे. एका प्रकारात केसाभोवती अगदी बारीक कणांचे दाट आवरण असे, फरशीवर लहान लहान खडे जडवावेत तसे. दुसऱ्या प्रकारात मोठे कण माळेतल्या मण्यांसारखे ओळीने केसाच्या आत भरलेले असत.

हा फरक नुसत्या डोळ्यांनाही दिसू शकतो, हे त्यांनी पुढे दाखवले. बारीक कणांच्या प्रकारात केस त्वचेच्या थोडे वर, काही मिलिमीटरवर तुटतात आणि डाग राख फासल्यासारखा दिसतो. केसाच्या आत वाढणाऱ्या प्रकारात केस अगदी त्वचेच्या पातळीवर तुटतो आणि डोक्यावर काळे ठिपके तेवढे उरतात. आजही डॉक्टर मुलाच्या डोक्यावरचा डाग पाहून बुरशीचा पहिला अंदाज बांधतात तो याच खुणांवरून.

आपण पाहिलेली बारीक कणांची बुरशी म्हणजे ग्रुबी यांची मायक्रोस्पोरमच, हे साबुरो यांच्या लक्षात आले. नव्या शोधाचे श्रेय घेणे सोपे होते. त्यांनी ते ग्रुबी यांना दिले, जुने नाव पुन्हा वापरात आणले. ग्रुबी तेव्हा हयात होते, पॅरिसमध्येच राहत होते. १८९८ साली ते वारले तेव्हा त्यांचे काम अडगळीतून बाहेर आलेले होते.

साबुरो यांचे म्हणणे सगळ्यांनी लगेच मान्य केले असे नाही. एकाच रोगाच्या या उगीच पाडलेल्या फांद्या आहेत, असे अनेकांना वाटे. १८९६ साली लंडनला भरलेल्या त्वचारोग परिषदेत साबुरो यांनी आपल्या बुरश्यांच्या नळ्या आणि काचपट्ट्या मांडल्या. डोळ्यांसमोर पुरावा आल्यावर वादाची धार बोथट झाली.

खाद्य एकच हवे

वादाच्या मुळाशी एक व्यावहारिक अडचण होती. बुरशी मोठी बहुरूपी असते. बटाट्याच्या कापावर ती एक रूप दाखवते, माल्टच्या अर्कावर दुसरे. साखर बदलली तर रंग बदलतो, पोत बदलतो. एका डॉक्टरला पांढरी कापसासारखी बुरशी मिळाली आणि दुसऱ्याला पिवळी पिठासारखी, तर त्या दोन जाती की एकाच जातीची दोन रूपे, हे ठरवायचे कसे?

साबुरो यांनी काढलेला तोडगा साधा होता. सगळ्या बुरश्या एकाच खाद्यावर वाढवायच्या. माल्टोज ही साखर, पेप्टोन हे प्रथिन, घट्टपणासाठी अगर आणि पाणी. एवढेच घटक, पण प्रमाण ठरलेले. इतकेच नव्हे, साखर आणि पेप्टोन ठरावीक उत्पादकाचेच घ्यायचे, कारण दुसऱ्या कारखान्याचे माल्टोज वापरले की बुरशीचे रूप बदले. परीक्षा घ्यायची तर सर्वांना एकच प्रश्नपत्रिका हवी, तसाच हा प्रकार. त्यांनी या खाद्याला परीक्षेचे खाद्य असेच म्हटले. ते वापरल्यामुळे पॅरिसमधल्या आणि परदेशातल्या प्रयोगशाळांना एकमेकांच्या बुरश्या ताडून पाहणे शक्य झाले.

पुढे माल्टोजच्या जागी ग्लुकोज, म्हणजे डेक्स्ट्रोज आले. आज वापरले जाणारे खाद्य किंचित आम्लधर्मी ठेवतात, त्यामुळे जिवाणूंची वाढ आटोक्यात राहते. गरजेनुसार त्यात प्रतिजैविके मिसळतात. पण चौकट साबुरो यांचीच राहिली.

रांगेतून उमटलेले चित्र

ओळख पटवण्याची खात्रीची पद्धत हाती आल्यावर साबुरो यांना रुग्णालयातल्या रांगेकडे वेगळ्या नजरेने पाहता आले. वर्षानुवर्षे, हजारो केस तपासून एक चित्र उभे राहिले. आज ज्याला आपण संसर्गाचा आकृतिबंध म्हणतो, तो हाच.

पहिली गोष्ट वयाची. बारीक कणांच्या मायक्रोस्पोरमचे रुग्ण जवळजवळ सगळेच शाळकरी वयाचे होते. वयात येताना हा आजार बहुधा आपोआप हटे. तेलग्रंथी त्या वयात जोमाने काम करू लागतात आणि त्या तेलातली काही आम्ले बुरशीला मानवत नाहीत, असे त्याचे एक स्पष्टीकरण पुढे दिले गेले. मोठ्या माणसाच्या डोक्यात हा प्रकार क्वचितच दिसे.

दुसरी गोष्ट उगमाची. दाढीत सुजलेले, पू भरलेले फोड घेऊन येणारे पुरुष बरेचदा घोड्यांच्या किंवा गुराढोरांच्या सहवासात काम करणारे असत. त्यांच्या फोडांतून निघणारी बुरशी मुलांच्या डोक्यातल्या बुरशीहून वेगळी होती. प्राण्यांकडून माणसात येणाऱ्या या ट्रायकोफायटन बुरश्यांवर साबुरो यांनी १८९३ पासून लिहायला सुरुवात केली. मांजर आणि कुत्र्याकडून येणारी मायक्रोस्पोरमची जातही या काळात वेगळी ओळखली गेली.

तिसरी गोष्ट सर्वांत उपयोगाची. प्राण्यांची बुरशी माणसाच्या अंगावर आली की शरीर तिच्याविरुद्ध पेटून उठते. सूज, पू, वेदना सगळे जोरात. दिसायला भयंकर, पण त्या उद्रेकातच बुरशी बाहेर टाकली जाते आणि काही आठवड्यांत आजार शमू लागतो. उलट माणसाला सरावलेली बुरशी फारशी गडबड न करता राहते. त्रास कमी, म्हणून दुर्लक्ष होते आणि मुक्काम वर्षानुवर्षांचा. म्हणजे चट्टा जितका शांत, तितका तो चिवट असू शकतो. नुसते रूप पाहून घाबरणाऱ्या किंवा निश्चिंत होणाऱ्या पालकांना हे उलटे वाटे. बुरशीचा उगम कळला की ते समजावून सांगता येई.

चौथी गोष्ट भूगोलाची. लंडनच्या मुलांत मायक्रोस्पोरमचे प्रमाण फार मोठे होते. इटलीसारख्या दक्षिणेकडच्या देशांत जांभळ्या रंगाची वाढ देणारी ट्रायकोफायटन व्हायोलेसियम वरचढ होती. भारतातही मुलांच्या डोक्याच्या संसर्गात हीच जात पुढे महत्त्वाची ठरली. शहर बदलले की बुरशी बदलते, म्हणून एका देशातले अनुभव दुसऱ्या देशाला जसेच्या तसे लागू करता येत नाहीत.

हे सारे त्यांनी १९१० साली प्रसिद्ध केलेल्या आठशेहून अधिक पानांच्या ‘ले तेन्य’ या ग्रंथात मांडले. त्यात बुरश्यांचे चार गट केलेले होते. अकोरियन, मायक्रोस्पोरम, ट्रायकोफायटन आणि एपिडर्मोफायटन. जांघेत चट्टे उठवणारी बुरशी केसांना हात लावत नाही, फक्त त्वचेवर वाढते, हे पाहून शेवटचा गट त्यांनी वेगळा काढला. जांघेतल्या या खाजेला इंग्रज अधिकारी भारतात ‘धोबी इच’ म्हणत आणि कपडे धुणाऱ्या धोब्यावर खापर फोडत. प्रत्यक्षात घाम, ओलावा आणि घट्ट कपडे यांत बुरशी फोफावत होती.

चिमट्याऐवजी क्ष-किरण

नुसते वर्गीकरण करून मुलांची सुटका होणार नव्हती. पॅरिस शहराने सँ लुईमध्ये स्थापन केलेल्या प्रयोगशाळेची सूत्रे साबुरो यांच्याकडे आली होती आणि शाळेत अडकलेली मुले त्यांच्यासमोर रोज उभी होती.

क्ष-किरणांचा शोध १८९५ चा. किरण पडले की केस गळतात, हे व्हिएन्नामध्ये लवकरच लक्षात आले होते. अडचण मात्रेची होती. किरण कमी पडले तर केस गळत नाहीत. थोडे जास्त पडले तर त्वचा भाजते, केस पुन्हा कधीच येत नाहीत. किरण मोजायचे विश्वासार्ह साधन नव्हते.

साबुरो आणि त्यांचे सहकारी आंरी न्वारे यांनी १९०४ साली एक सोपे साधन पुढे आणले. बेरियम प्लॅटिनोसायनाइड या क्षाराचा लेप दिलेली छोटी चकती. क्ष-किरण पडत गेले की तिचा हिरवट-पिवळा रंग तपकिरीकडे झुकतो. ही चकती नळी आणि डोके यांच्या मधोमध ठेवायची. सोबतच्या नमुन्यावरची ठरलेली छटा आली की यंत्र बंद. रंग जुळवता येणाऱ्या कोणालाही मात्रा मोजता येऊ लागली.

परिणाम त्या काळाच्या मानाने थक्क करणारा होता. किरण दिल्यावर साधारण दोन आठवड्यांनी केस सैल होऊन गळू लागत, बुरशी भरलेले खुंटही त्यांच्याबरोबर बाहेर पडे. दोन-तीन महिन्यांत नवे, निरोगी केस येत. दोन वर्षांचा तुरुंगवास तीन महिन्यांवर आला. रुग्णालयातल्या खाटा रिकाम्या होऊ लागल्या, मुले घरी आणि आपल्या शाळेत परतू लागली. पद्धत लवकरच लंडन, न्यूयॉर्क आणि इतर शहरांत पोचली.

उपचाराची दुसरी बाजू

या यशाला पुढे जो डाग लागला, तो सांगितल्याशिवाय ही कहाणी पुरी होत नाही. क्ष-किरणांमुळे त्वचा भाजते हे साबुरो यांच्या पिढीला ठाऊक होते आणि चकतीचा सारा खटाटोप ते टाळण्यासाठीच होता. पण भाजल्याची खूण न दिसताही किरण आतल्या पेशींना इजा करतात आणि तिचे परिणाम वीस-तीस वर्षांनी कर्करोगाच्या रूपाने उगवतात, हे त्या वेळी कोणालाच माहीत नव्हते.

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत जगभरात अंदाजे दोन लाख मुलांच्या डोक्यावर गजकर्णासाठी किरण सोडले गेले. इस्रायलमध्ये १९४८ नंतरच्या बारा वर्षांत सुमारे २० हजार मुलांना ते दिले गेले, त्यांतली बहुतेक उत्तर आफ्रिका आणि मध्यपूर्वेतून स्थलांतरित झालेल्या कुटुंबांतली होती. या मुलांचा पुढे अनेक वर्षे मागोवा घेतला गेला. १९७४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्यांच्यात मेंदूच्या आणि थायरॉइडच्या गाठींचे प्रमाण वाढलेले आढळले. १९९४ साली इस्रायलने अशा रुग्णांना भरपाई देणारा कायदा केला. लहान मुलांना किरणोत्सर्गाचा धोका किती, याबद्दल वैद्यकाला आज जे ठाऊक आहे, त्यातला मोठा भाग या मुलांनी भोगलेल्या त्रासातून आलेला आहे.

चुकलेले आणि टिकलेले

साबुरो यांचे सगळेच अंदाज बरोबर ठरले नाहीत. चाई हा आजार तेलग्रंथींत राहणाऱ्या एका सूक्ष्म जिवाणूमुळे होतो, असे त्यांनी १८९० च्या दशकात मांडले होते. ते टिकले नाही. शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच केसांच्या मुळांवर हल्ला करते म्हणून चाई पडते, असे आज मानले जाते. त्यांचे चार गटांचे वर्गीकरणही १९३४ साली अमेरिकेतील चेस्टर एमन्स यांनी बदलले. रोगाची लक्षणे बाजूला ठेवून बुरशीच्या बीजाणूंच्या रचनेवरून त्यांनी तीनच गट ठेवले, अकोरियन गळून पडला. पण उरलेली तीन नावे वैद्यकाच्या पुस्तकांत आजही तीच आहेत.

सूक्ष्मदर्शकापासून दूर असत तेव्हा साबुरो शिल्पकलेत रमत. त्यांनी घडवलेली शिल्पे प्रदर्शनांतही मांडली गेली. आकार आणि पोत यांतले बारीक भेद टिपणारी नजर दोन्हीकडे उपयोगी पडली असावी. त्यांच्या ग्रंथातील केसांची आणि बुरश्यांची छायाचित्रे न्वारे यांनी काढलेली आहेत. देशोदेशीचे डॉक्टर त्यांच्या प्रयोगशाळेत शिकायला येत. ४ फेब्रुवारी १९३८ रोजी पॅरिसमध्ये त्यांचे निधन झाले.

पुढच्याच वर्षी, १९३९ मध्ये, एका पेनिसिलियम बुरशीपासून ग्रिसिओफुल्विन हे द्रव्य वेगळे काढले गेले. ते बुरशीविरुद्ध पोटातून देता येते, हे कळायला १९५८ साल उजाडले. रक्तातून केसाच्या मुळाशी पोचणारी ती पहिली गोळी. तिने राळेची टोपी, चिमटा आणि क्ष-किरण, तिन्ही एका झटक्यात इतिहासजमा केले. गोळी आली, तरी कोणती बुरशी हा प्रश्न मात्र संपला नाही. मायक्रोस्पोरमवर ग्रिसिओफुल्विन अधिक चांगले चालते, तर ट्रायकोफायटनवर टर्बिनाफिन. बुरशी ओळखणे आजही उपचाराची दिशा ठरवते.

आजच्या गजकर्णात साबुरो

भारतातल्या त्वचारोग विभागांत गेल्या दहा-बारा वर्षांत गजकर्णाचे चित्र पालटले आहे. पूर्वी दोन-तीन आठवड्यांच्या मलमाने जाणारे चट्टे आता पाठ, पोट, जांघ, चेहरा असे पसरतात, परत परत येतात आणि घरातल्या सगळ्यांना धरतात. यातल्या बऱ्याच रुग्णांमध्ये जी बुरशी सापडते, तिला २०२० साली ‘ट्रायकोफायटन इंडोटिनी’ असे वेगळे नाव मिळाले. जपानमधील संशोधकांनी भारतीय आणि नेपाळी रुग्णांच्या नमुन्यांवरून हे वर्णन केले. तिच्या अनेक प्रकारांवर टर्बिनाफिन चालत नाही, कारण हे औषध ज्या एन्झाइमवर काम करते त्याच्या जनुकातच बदल झालेला असतो. ही बुरशी आता अनेक देशांत पोचली आहे.

हा प्रश्न वाढण्यात औषधाच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय घेतलेल्या मिश्र मलमांचा मोठा हात आहे. त्यांत बुरशीनाशकाबरोबर तीव्र स्टेरॉइड असते. स्टेरॉइडने खाज एक-दोन दिवसांत थांबते, लाली उतरते, रुग्णाला बरे वाटते. प्रत्यक्षात शरीराचा प्रतिकार दबलेला असतो आणि बुरशी निवांत वाढत असते. २०१८ साली केंद्र सरकारने अनेक स्टेरॉइड मलमे चिठ्ठीशिवाय विकण्यास मनाई केली, तरी ‘एक खाजेचं मलम द्या’ ही मागणी काउंटरवर थांबलेली नाही.

शांत चट्टा म्हणजे बरा झालेला चट्टा नव्हे, हे साबुरो यांनी शंभर वर्षांपूर्वी रुग्णांच्या रांगेतून शिकून सांगितले होते. गजकर्ण दोन-तीन आठवड्यांत हटत नसेल, पुन्हा उठत असेल किंवा मुलाच्या डोक्यात केस तुटून गोल डाग पडत असेल, तर मलमे बदलत बसण्यापेक्षा त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे. आधी लावलेल्या मलमांची नावे त्यांना सांगावीत. घरात आणखी कोणाला खाज आहे का, घरात मांजर-कुत्रे किंवा गोठ्यात गुरे आहेत का, हे विचारले तर मोकळेपणाने सांगावे. टॉवेल, कंगवा, कपडे वेगळे ठेवावेत आणि चट्टा दिसेनासा झाला तरी डॉक्टरांनी सांगितलेले दिवस औषध पूर्ण घ्यावे. प्रयोगशाळेचा अहवाल यायला तीन-चार आठवडे लागले, तर तेवढा वेळ त्या नळीत बुरशी आपली ओळख पटवत असते.